सालीवरचा कळप

मी तो किडा उलटा करून पाहिला नाही. जे झालं ते एवढ्यावरूनच झालं, आणि हे तोंडाने कबूल करायला मला चार महिने लागले.

आधी माझं काम सांगते, म्हणजे गुन्हा नीट कळेल. शहराच्या उद्यान विभागाची एक छोटी प्रयोगशाळा आहे. दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, बाटल्यांनी भरलेली तीन कपाटं आणि मी. झाडाच्या खोडावर काही वळवळताना दिसलं की लोक ते पकडतात, स्पिरिटच्या छोट्या बाटलीत बुडवतात आणि आमच्याकडे पाठवतात. मी बाटली उघडते, किडा चिमट्याने काचेच्या बशीत घेते आणि तो कोण आहे ते लिहून देते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. तिळाएवढे, तिळाच्या निम्म्याएवढे जीव. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि तसं सांगितलं की बहुतेक लोकांना राग येतो. एवढी धावपळ करून बाटली आणली आणि बाई म्हणतात काही करू नका!

किड्याची ओळख पोटाकडून पटते. पाठीवरून दहातले सहा सारखेच दिसतात. उलटा केला की तोंड दिसतं. सोंड असेल तर तो झाडाचा रस पिणारा. जबडा असेल तर कुरतडणारा, आणि मग तो काय कुरतडतो ते बघायचं. कामाला नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी बजावते, आधी किड्याचं तोंड बघा, मग आपलं उघडा. सगळे हसतात. मीही हसायचे.

आता भाऊजी. माझ्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईचे यजमान. मी अकरा वर्षांची असताना ताईचं लग्न झालं. आमचे आईवडील लवकर गेले, त्यामुळे पुढचं माझं सगळं शिक्षण या दोघांच्या घरी झालं. त्यांना मूलबाळ नाही. भाऊजी घड्याळं दुरुस्त करायचे. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर एका खुर्चीत बसायचे आणि डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा स्क्रूंशी बोलायचे. ‘या इकडे, पळताय कुठे?’ मी किड्यांचं शिकायला लागले तेव्हा साऱ्या नात्यागोत्यात हा एकच माणूस खूश झाला. मला कीटकमंत्री म्हणायचे. ‘आमची कीटकमंत्री नाकावर माशी बसू देत नाही,’ असं येईल त्याला सांगायचे, ‘आणि बसलीच तर आधी तिचं कूळ विचारते.’

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, पण एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा. डोकं शाबूत होतं. हे मी आत्ता ठासून सांगतेय, तेव्हा नाही सांगितलं.

त्यांची खाट ताईने खालच्या खोलीत खिडकीला लावली. खिडकीला अगदी खेटून एक जुनं झाड होतं, एवढ्या जवळ की खिडकीतून बाकी काही दिसायचंच नाही. नुसतं खोड. दुसरा कोणी कंटाळून गेला असता. भाऊजींनी डाव्या हाताने भिंग डोळ्याला लावलं आणि खोड वाचायला घेतलं. फोनवर मला बातम्या येऊ लागल्या. आज मुंग्यांनी रस्ता बदलला. आज एक कोळी सालीच्या रंगाचाच निघाला, हलला तेव्हा कळलं. मला बरं वाटायचं, पण खरं सांगायचं तर फोन नेमका कामाच्या वेळी यायचा. एक वाक्य पुरं व्हायला दोन मिनिटं लागायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. मी फोन खांद्यावर धरून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचे. हं हं करत राहायचे.

मग एक दिवस म्हणाले, “कळप... आलाय.”

“कसला कळप?”

“बारीक. शंभर... दीडशे. सगळे मिळून... चालतात. मेंढरांसारखे. सव्वाआठला वर. पावणेअकराला... खाली. फुंकर मारली की... पांगतात. मग परत... गोळा.”

“चावतात का? पानं वाळलीत का झाडाची?”

“नाही. साल... साफ करतात. जातात तिथे... शेवाळ राहत नाही.”

मी म्हटलं, बघते, ताईला सांगा बाटलीत घालून पाठवायला.

त्याच महिन्यात आमच्याकडे एक परिपत्रक आलं होतं. बाहेरच्या देशातून आलेला एक रस शोषणारा किडा आपल्याकडे शिरलाय, तो ज्या झाडावर सापडेल ते झाड पंधरा दिवसांत पाडायचं, नाहीतर पसरत जाईल. सोबत रंगीत चित्र. ते चित्र माझ्या टेबलासमोर भिंतीला चिकटवलेलं. साहेबांचा दिवसातून दोनदा फोन, सापडला का, सापडला का. म्हणजे आमचे साहेब, विभागप्रमुख. किडा सापडावा अशी त्यांची इच्छा आहे की सापडू नये अशी, हेच कळायचं नाही. आठवड्यात चाळीस बाटल्या आल्या आणि चित्र बघून बघून मला भातातही तोच दिसायला लागला होता.

ताईची बाटली त्या चाळिसांत होती. तिने घरात होतं ते स्पिरिट घातलं होतं, त्यात किडे आकसून फिके पडले होते. रंग म्हणून काही उरलाच नव्हता. पंखवाले मोठे तिच्या हाती लागलेच नव्हते, नुसती बिनपंखांची पिल्लं होती. मी एक बशीत घेतलं. पाठीवरून पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. ताईचाच होता.

“अगं, मिळाली का बाटली? हे सकाळपासून तेच विचारतायत.”

“मिळाली, मिळाली. एका तासात सांगते.”

“हे म्हणतायत, फोन मला दे. देऊ?”

“ताई, मला कामं आहेत!”

मी फोन आपटला. सुई हातात होती. तिने किडा उलटा करायला फार तर दहा सेकंद लागले असते. मी सुई खाली ठेवली आणि अहवालावर त्या परदेशी किड्याचं नाव लिहिलं. बहिणीच्या दारातलं झाड म्हणून थांबले नाही, उलट आपण घरचं-बाहेरचं करत नाही याचा मनातून थोडा ताठाच वाटला. ते आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते.

झाड पडणार म्हटल्यावर भाऊजींनी फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी भांडले.

“ते... रस पीत नाहीत. मी बघतो... रोज. साल खातात. वरची... मेलेली. कळप करून—”

“भाऊजी, तो किडा कळप करून फिरतच नाही. रस शोषणारा आहे, एका जागी बसून राहतो. मी पाहिलाय ना मायक्रोस्कोपखाली.”

“मीही... पाहिलाय.”

आणि मग मी ते बोलले. आवाज अगदी गोड करून बोलले, लहान मुलाशी बोलतात तसा. “झटक्यानंतर असं होतं कधी कधी. नाही ते हलताना दिसतं. डॉक्टरांना सांगा हं तुम्ही.”

त्यांनी फोन ताईकडे दिला आणि मी तिलाही तेच सांगितलं.

झाड एका सकाळीत पडलं. मी गेले नव्हते, मीटिंग होती. ताई म्हणाली, खोली उजेडाने भरून गेली, आता समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

त्यानंतर फोन बंद झाले. मला वाटलं रुसलेत, येतील लायनीवर. ताईकडून अधूनमधून कळायचं. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या. झोप फार येते, पण शांत असतात. आता किड्यांचं नाव काढत नाहीत. मी म्हणायचे, चला, बरं झालं. खरंच म्हणायचे.

चार महिन्यांनी, सोमवारी सकाळी, मी ऑफिसच्या आवारात गाडी लावत होते. आमचे वॉचमनकाका एका झाडाशी झाडू घेऊन उभे होते. मला बघून म्हणाले, “बाई, तुमचे पाहुणे आलेत बघा.”

खोडावर हाताच्या पंजाएवढा एक डाग होता आणि तो सरकत होता. जवळ गेले. बारीक, तिळाएवढी पिल्लं, अंगावर पिवळे पट्टे. मध्ये काही मोठे, काळे चकचकीत पंख छपरासारखे मिटून घेतलेले. सगळे एकाच दिशेने वर चाललेले, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. काकांनी फुंकर मारली. कळप क्षणात चहूकडे पांगला. मी मनातल्या मनात आकडे मोजत राहिले. चाळीसपर्यंत आले तोवर ते परत एकत्र झाले आणि चालायला लागले. त्यांच्यामागे साल स्वच्छ दिसत होती.

काका म्हणाले, “चावतात की काय?” मी नाही म्हटलं आणि जिना चढले.

बाटल्या सहा महिने ठेवायचा नियम आहे. ताईचीही होती, तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. मी एक किडा बशीत घेतला, मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि सुईने उलटा केला. सोंड नव्हती. फुगीर कपाळ आणि खाली दोन जबडे, शेवाळ खरवडायला लागतात तसे. आमच्या पुस्तकात यांना सोसिड म्हणतात. आपल्या भाषेत यांना नाव नाही, कारण यांनी कधी कोणाचं काही बिघडवलेलंच नाही. मेलेली साल, बुरशी, शेवाळ खातात आणि खोड साफ ठेवतात. मेंढरांसारखे कळपाने चरतात, हे पुस्तकात लिहिलेलंसुद्धा आहे. कॉलेजात शिकले होते. पण सव्वीस वर्षं माझ्याकडे आला तो प्रत्येक किडा मेलेला. चालताना त्यांना मी कधी बघितलंच नव्हतं. भाऊजींनी पाहिलं होतं, वेळेसकट सांगितलं होतं, आणि मी त्या माणसाला भास होतो म्हणाले होते.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघवेना.

परत टेबलाशी आले तर समोर कामांची यादी. ताईच्या गल्लीतली त्याच जातीची आणखी दोन झाडं, माझ्याच अहवालावरून खुणा केलेली. मशीन मोकळं नव्हतं म्हणून राहिली होती. गुरुवारी पाडणार होते.

मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हणजे झाडाचं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडत आणि बंद करत राहिले.

“आता पडलेलं झाड काही उभं राहत नाही,” ते म्हणाले. “चूक झाली असं लिहिलंत तर तुमचे सव्वीस वर्षांचे सगळे अहवाल कोणीतरी उकरायला बसेल. माझेही. त्यापेक्षा असं करा. नव्याने पाहणी केली, किडा आढळला नाही, झाडं पाडण्याची गरज नाही. दोन ओळी. झाडंही वाचतात, आपणही.”

मी लगेच हो म्हटलं. मला गळ्याशी आलेलं पाणी उतरल्यासारखं वाटलं. जागेवर येऊन त्या दोन ओळी मी सुरेख अक्षरात लिहिल्या आणि सही केली. पाहणी-बिहाणी काही केली नव्हती. संध्याकाळी घरी येऊन पोटभर जेवले. एकटी राहते, त्यामुळे माझा चेहरा वाचायला कोणी नव्हतं.

मग ताईचा फोन आला. “उद्या सुट्टी काढून ये. तुझं काम आहे.” कसलं ते सांगेना.

दुसऱ्या दिवशी मी गेले. रस्ताभर ठरवत होते, नुसतं बघून यायचं, बोलायचं काही नाही. आता बोलून कोणाचं भलं होणार होतं? झाडं तर वाचलीच होती. मी स्वतःला हे एवढ्या वेळा सांगितलं की शेवटी ताईच्या घराचं वळण मागेच राहिलं.

खोलीत लख्ख उजेड होता. भाऊजी उशीला टेकून बसले होते, तोंड भिंतीकडे. खिडकीकडे पाठ.

“आले हं मी,” मी म्हटलं. “कीटकमंत्री.”

ते ओठांच्या कोपऱ्यातून हसले. कोणी पाहुण्याने मुलाचं कौतुक केल्यावर आपण हसतो तसं, सभ्यपणे. “ये. बस. काम... कसं आहे?” आणि उत्तर यायच्या आत त्यांचे डोळे मिटले.

ताईने मला आतल्या टेबलाशी बसवलं, चहा ठेवला आणि एक फॉर्म पुढे सरकवला. ती थकली होती. केस विंचरलेले नव्हते. माझी ताई केस विंचरल्याशिवाय दारात दूध घ्यायलाही जात नसे.

“तुला काय वाटायचं ते वाटू दे, मी रागावणार नाही,” ती म्हणाली, “पण आधी ऐक. मला आता उचलायला होत नाही त्यांना. परवा दोघंही पडलो. एक संस्था आहे, चांगली आहे, मी बघून आले. पण तिथे दोन विभाग आहेत. नुसत्या अंथरुणाला खिळलेल्यांचा भरलाय. भ्रम होणाऱ्यांच्या विभागात जागा आहे. डॉक्टरांनी सही दिलीय. दोन नातेवाइकांच्या लागतात. मी आणि तू.”

“भ्रम होणाऱ्यांच्या?”

“दार बंद असतं त्यांचं. बाहेरून. बाकी सगळं चांगलं आहे गं.” तिने पदराने डोळे टिपले. “महिन्यातून दोनदा भेटता येतं.”

मी फॉर्म बघितला. ताईचं अक्षर शाळेतल्यासारखं गोल. ‘रुग्णास होणाऱ्या भ्रमाचे उदाहरण द्या’ असा रकाना होता. त्याखाली तिने लिहिलं होतं, ‘झाडावर किड्यांचे कळप दिसतात. सव्वाआठला वर जातात, पावणेअकराला खाली येतात असे सांगतात. असे किडे नसल्याचे तज्ज्ञाने सांगितले आहे.’

तज्ज्ञ म्हणजे मी. त्याच ओळीच्या खाली माझ्या सहीची जागा होती.

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

“ताई, हे खरं होतं.”

“काय?”

“कळप. होते. त्यांना दिसत होतं ते सगळं खरं होतं. मी चुकले. तो किडा मी नीट बघितलाच नाही. झाडाला काही झालं नव्हतं.”

मला वाटलं ती ओरडेल, उठेल, निदान रडेल. तिने माझ्या हातावर हात ठेवला. “तुला त्यांना पाठवायचं नाहीये ना? कळतंय मला. मलाही नाही पाठवायचं. पण म्हणून असं काहीतरी बोलू नकोस. तू सांगितल्यावर तर मी त्यांना डॉक्टरकडे नेलं.”

सव्वीस वर्षांची माझी पत अशी माझ्याच आड आली. मी खरं बोलत होते आणि माझी बहीण माझी समजूत काढत होती.

“चल माझ्याबरोबर,” मी म्हटलं. “गल्लीत. दोन मिनिटं.”

साडेनऊ वाजले होते. पहिल्या झाडावर काही नव्हतं. मी खोडाभोवती तीन चकरा मारल्या, ताई पदर सावरून उभी. दुसऱ्या झाडावर, पाडायच्या खुणेच्या बरोबर वर, कळप होता. मी ताईला चष्मा लावायला लावला. फुंकर मार म्हटलं. ती मारेना. मग मारली. ते पांगले. ते हळूहळू गोळा झाले आणि पुन्हा वर निघाले, तेव्हा तिने तोंडावर हात दाबला.

“गोळ्या दिल्या गं मी त्यांना,” ती म्हणाली. “थुंकायचे. तोंड उघडून घालायचे मी. नाही म्हणायचे, मी जबरदस्तीने...”

ती तशीच वळून घराकडे चालू लागली. मी मागोमाग. मला तिच्या खांद्याला हात लावायचा होता, पण तो हात मला माझाच वाटेना.

भाऊजी जागे झाले होते. ताई त्यांच्यापुढे खाली बसली. “अहो, तुम्हाला ते किडे दिसायचे ना? कळप?”

त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शाळेत चूक पकडली गेल्यावर मूल बघतं तसं. “नाही,” ते म्हणाले. “आता... नाही दिसत. बरा आहे मी.”

“तेव्हा दिसायचे ना पण?”

“भास... होता. गोळी... घेतो मी.” आणि त्यांनी डावा हात पुढे केला, तळवा वर करून.

मला वाटलं त्यांनी शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी. त्या रिकाम्या तळव्याकडे बघणं त्याहून वाईट होतं. मी म्हटलं, “भाऊजी, भास नव्हता. मी खोटं बोलले. म्हणजे मला माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखं बोलले.” ते मान हलवत राहिले, हो हो म्हणत, मला बरं वाटावं म्हणून. चार महिन्यांत ते एवढं शिकले होते.

आम्ही दोघींनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. उंबऱ्यावरून उतरवताना खुर्ची कलली, ताईने स्वतःचा पाय मध्ये घातला. गल्लीतले लोक बघत होते. भाऊजींना बाहेर पडून किती महिने झाले होते कोण जाणे, त्यांनी उन्हाने डोळे बारीक केले.

झाडाशी नेऊन मी खुर्ची खोडाला भिडवली. कळप त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होता, वीतभर अंतरावर.

“दिसतात का?” मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “काही नाही... तिथे.”

पण त्यांची नजर चालत होती. मी बघितलं, ताईने बघितलं. कळप बोटभर वर सरकला की त्यांचे डोळे बोटभर वर सरकायचे. सालीतल्या एका भेगेशी कळप थांबला, दुभंगला, दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुन्हा जुळला. त्यांच्या डोळ्यांनी तेवढंच केलं. तोंडाने ते पुन्हा म्हणाले, “काही नाही.”

ताई त्यांच्या खुर्चीशेजारी गल्लीच्या धुळीत गुडघ्यांवर बसली. “अहो, मला दिसतायत,” ती म्हणाली. “पिवळे पट्टे आहेत त्यांच्यावर.”

त्यांना तिच्याकडे वळायला बराच वेळ लागला. “तुलाही?”

“मलाही.”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. गोळीची झापड अजून होती, पण त्यामागून तो जुना माणूस बघत होता, भिंगातून बघायचा तसा, एक डोळा किंचित बारीक करून. “आणि... तुला?”

“मला तेव्हाच दिसायला हवे होते, भाऊजी. मी तुमचं ऐकलं नाही, मला—”

“ते नाही... विचारलं.”

“दिसतात,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, डाव्या गालावरून खाली गेलं, उजवीकडचं ओठाशी अडकलं. पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मीही पुढे झाले नाही, माझा तो हक्क मी घालवला होता.

“मी... स्वतःलाच... वेडा समजत होतो,” ते म्हणाले. एवढं वाक्य पुरं व्हायला लागला तेवढा वेळ लागला. मी सगळं ऐकलं.

माफी मागायला मी तोंड उघडलं तर त्यांनी डावं बोट वर केलं. “लिहून... दे.”

ताईच्या हातात तो फॉर्म अजून तसाच होता, चुरगळलेला. तिने तो उलटा करून माझ्यापुढे धरला. मी खुर्चीच्या हातावर कागद ठेवला आणि लिहिलं, की या झाडांच्या सालीवर किड्यांचे कळप आहेत, ते निरुपद्रवी आहेत, आणि यांना दिसलेलं सगळं बरोबर होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून एकेक शब्द वाचला. मग परत दिला.

“आपल्या... झाडाचंही लिही.”

तेही लिहिणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. कालच्या दोन सुरेख ओळी खोट्या ठरणार होत्या, साहेबांच्याही आणि माझ्याही. आमचं झाड कारण नसताना पाडलं, चुकीच्या अहवालावरून, आणि तो अहवाल माझा होता, असं मी लिहिलं. खाली पूर्ण सही केली, हुद्द्यासकट.

भाऊजींनी सही बघितली, कागद मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा हात ठेवला. मग म्हणाले, “खुर्ची... जरा डावीकडे घे. मला पावणेअकरापर्यंत... थांबायचंय.”